पांढरं शीड

साहेबांनी बांधलेली फाइल त्यांच्याशिवाय कोणाला सुटायची नाही. लाल फितीला ते अशी काही गाठ मारत की हेडक्लार्क नखं मोडून घ्यायचे आणि शेवटी कात्री मागवायचे. मग साहेब उठून येत, फितीचं एक टोक चिमटीत धरून हलकेच ओढत आणि सगळी गाठ मोकळी होई.

"ह्या गाठीवर माणसाचा जीव टांगलेला असते बाबू," ते म्हणत, "अन् तुमी कात्री घेऊन राहिले."

आमची कंपनी चहाच्या पुड्या विकायची. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या वर ऑफिस, आणि कळमेश्वरला पुड्या भरायचा कारखाना. साहेब जाहिरात विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते, एक टायपिस्ट आणि मी. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन मी नुकतीच लागले होते. पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम होतं. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला खिडकीशी बोलावलं. वाटलं, कामाचं काही सांगतील.

"काय वं बाई, वारा कुठून येऊन राहिला?"

खाली हमाल कापडाचे गठ्ठे उतरवत होते. एप्रिलचा महिना, पानही हलत नव्हतं.

"माहीत नाही, साहेब."

"रोज पाहत जा. माणसाले आपल्या गावचा वारा माहीत पाह्यजे."

हा माणूस जन्मला नागपुरात, शिकला नागपुरात, आणि समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता. कॉलेजात नेव्हल एनसीसीत असताना अंबाझरीच्या तलावात त्यांना शिडाची नाव चालवायला शिकवली होती. एका शिबिराला मुंबईला नेलं, तेव्हा समुद्र दिसला. त्यानंतर नौदलात जायचं पक्कं ठरलं, पण डोळ्यांच्या तपासणीत कळलं की त्यांना लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही. परत आले आणि चहाच्या कंपनीत जाहिरात विभागात लागले. माझ्या पोस्टरांमधल्या रंगांना त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

त्यांचं मन होतं ते शिडाच्या नावेनं जगाला वळसा घालणाऱ्या माणसांवर. एका इंग्रजी वर्तमानपत्रानं तेव्हा एक शर्यत ठेवली होती. एकट्यानं, कुठल्याही बंदरात न थांबता, जगाची प्रदक्षिणा. साहेबांच्या टेबलामागे भिंतीवर विदर्भाचा नकाशा होता, त्यात आमच्या एजंटांच्या गावांवर टाचण्या टोचलेल्या. त्याच्या शेजारी साहेबांनी जगाचा नकाशा लावला आणि त्याच टाचण्या घेऊन खलाशांच्या जागा दाखवायला सुरुवात केली. बातमी कधी रेडिओवरून कळायची, कधी वाचनालयात शिळं होऊन आलेल्या इंग्रजी अंकातून. एकदा थोरले शेठजी आले. दोन्ही नकाशे बराच वेळ बघत राहिले आणि दक्षिणेकडच्या महासागरात टोचलेल्या टाचणीवर बोट ठेवून म्हणाले, "ये अपना एजेंट इतना नीचे क्या कर रहा है?"

साहेब म्हणाले, "तुफान से लड़ रहा है, शेठजी."

"उसको बोलो पहले वसुली करे," शेठजी म्हणाले आणि निघून गेले.

त्या शर्यतीतून एकच जण परत पोचला. बाकीच्यांपैकी कोणाची नाव फुटली, कोणी मध्येच माघार घेतली. जो पोचला त्याच्या नावानं साहेबांनी आख्ख्या ऑफिसात संत्राबर्फी वाटली. चपराशानं विचारलं, "साहेब, कोन पास झालं?" साहेबांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि सगळी हकिगत सांगितली. तो बिचारा बर्फी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होता.

साहेब त्या खलाशांसारखे राहायचा सराव करायचे. एकटा माणूस समुद्रावर सलग झोपू शकत नाही म्हणून हे दुपारी खुर्चीतच थोडं थोडं झोपत, टेबलावर गजराचं घड्याळ लावून. गजर कधी मीटिंगमध्ये वाजायचा. नागपूरचा मे महिना, तरी एका मगात आंघोळ. शहर बसमध्ये दांडी न धरता उभे राहायचे आणि ब्रेक लागला की पुढच्या माणसाच्या अंगावर जायचे. आठवड्यातून एक दिवस ते घरात कोणाशी बोलत नसत, एकटेपणाची सवय व्हावी म्हणून. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "बोलत नाईत थे बरं हाय वं, पण त्या दिवशी जेवन डब्यात घालून चमच्यानं खातात. घरी ताट असताना."

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू मूळच्या काटोलकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. उंच, हसऱ्या, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय. त्यांना साहेबांचं वेड कळत होतं की नाही हे मला कधी समजलं नाही. त्या कधी हसल्या नाहीत त्यावर, आणि कधी अडवलंही नाही.

शर्यतींना पैसा कोण पुरवतो हा साहेबांचा दुखरा विषय. कॅन्टीनमध्ये चहा आला की सुरू व्हायचे.

"सगळ्यात पहिले जो एकटा गेला ना जगाभोवती, त्यानं एक जुनी मोडकी नाव सोताच्या हातानं नीट केली अन् निघाला. मांगं कोणी नाही. मंग आलं वर्तमानपत्र. थे एक ठीक हाय, त्याईले बातमी पाह्यजे. मंग आले बीअरवाले! आता कारखानेवाले येऊन राहिले. नावेवर कंपनीचं नाव, शिडावर कंपनीचं नाव. पोरगं आपलं अन् बारशाले नाव ठेवते दुकानदार!"

"पण साहेब," टायपिस्ट म्हणायचा, "आपणही तर तेच करतो ना? एसटीच्या मागं चहाचं नाव लावतो."

"एसटी काटोलले जाते बावा. नाव जगाच्या टोकाले जाते." मग खालच्या आवाजात: "शीड पांढरंच पाह्यजे."

सत्तर साल उलटल्यावर केव्हातरी त्यांनी स्वतःची नाव बांधायला घेतली. वाडीला, अमरावती रोडवर, त्यांच्या एका वर्गमित्राचं ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. त्यातला एक कोपरा मिळाला. ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक मिस्त्री मदतीला घेतला. मिस्त्रीनं आयुष्यात नाव पाहिली नव्हती. सांगाडा उभा राहिल्यावर तो चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "सब ठीक है साहब, इसका पहिया किधर लगाने का?"

दर रविवारी साहेब वाडीला. मीही कधी जायचे, रंगाच्या निमित्तानं. तिथं एकीकडे ट्रकमध्ये सिमेंटची पोती चढायची, ड्रायव्हर खाटांवर पडलेले असायचे आणि मध्ये ही नाव हळूहळू फुगत चाललेली. लांबलांबचे ड्रायव्हर तिला हात लावून बघायचे. कोणी नमस्कार करायचे. शिडाचं जाड पांढरं कापड गांधीबागेतूनच आलं आणि ते काकूंनी शिवलं, दोन उन्हाळे, घरच्या पायमशीनवर. सुया मोडायच्या. कापड इतकं मोठं की मशीन खोलीत आणि शिडाचं दुसरं टोक अंगणात.

नाव तयार होत आली तेव्हा साहेबांनी मला तिच्या मागच्या बाजूला एक शब्द लिहायला सांगितला. "मैना." मी विचारलं, मैनाच का? ते मिस्त्रीशी काहीतरी बोलायला निघून गेले. काकूंनीच मग सांगितलं, "माझे वडील मले मैना म्हनत."

आता धाकट्या शेठजींचं सांगायला हवं. थोरल्या शेठजींचा हा मुलगा विलायतेत शिकून आला होता. अंगात उत्साह फार. त्यानं तिकडे या शर्यती पाहिल्या होत्या, आणि आपल्याच जाहिरात विभागाचा प्रमुख वाडीच्या गोदामात नाव बांधतो आहे हे कळल्यावर तो त्याच दिवशी गाडी घेऊन तिथं गेला. नावेत चढला, सुकाणूला हात लावला आणि खाली उतरून म्हणाला, "कंपनी सगळं करेल. मुंबईपर्यंतची वाहतूक, सामान, रेडिओ, खाणंपिणं. तुम्ही फक्त जायचं आणि परत यायचं. नावेला आपल्या चहाचं नाव. शिडावर पण. जगभर फोटो जातील."

पुढे कित्येक दिवस साहेब गप्प होते, आणि ते त्यांचे न बोलायचे दिवस नव्हते. काकूंनीच निकाल लावला. मी घरी गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाल्या, "हो म्हना ना. नावात काय हाय? तुमाले जाचं हाय ना?" आणि माझ्या दंडाला हात लावून: "पुसून टाक वं थे मैना. मले आता त्या नावानं हाक मारनारं कोनी उरलं बी नाही."

मी पुसलं. शिडावर चहाचं नाव मीच रंगवलं, लाल आणि हिरव्या अक्षरांत, कंपनीचे रंग तेच होते. साहेब बघत उभे होते. त्यांना ती अक्षरं कशी दिसत असतील, असं मला तेव्हा मनात आलं नाही. मला अजून माहीतच नव्हतं.

मुंबईला न्यायच्या आधी अंबाझरीवर समारंभ ठरला. वाडीहून ट्रकवर नाव निघाली, मागे पोरं, सायकली, स्कूटरी. तलावाच्या काठी शामियाना, बँड, फुकट चहा. पाहुण्यांची भाषणं झाली, काकूंनी नारळ फोडला, नाव पाण्यात उतरली. आणि वारा पडला. शीड धुवून वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत होतं. फोटोग्राफर खोळंबले, पाहुणे घड्याळं बघू लागले. धाकट्या शेठजींनी एक मोटरबोट बोलावून ठेवली होती. तिचा दोर नावेला बांधला आणि साहेबांची नाव मंडपासमोरून ओढत नेली. साहेब सुकाणूला हात लावून ताठ बसले होते. लोक टाळ्या वाजवत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून वारा आला. आला तो एकदम. शीड फाडकन भरलं, नाव एका अंगावर कलली, आणि साहेबांनी मोटरबोटीचा दोर सोडून पाण्यात फेकून दिला. पुढचं दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही. ती नाव पाण्यावरून अशी गेली की बँडवाले वाजवायचे थांबले. माझ्या शेजारी उभा असलेला मिस्त्री ओरडत होता, "चल पड़ी! चल पड़ी!" काकू दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या.

आता वळतील आणि मंडपाकडे येतील, असं सगळ्यांना वाटलं. ते वळले नाहीत. सरळ पलीकडच्या काठाला गेले, शीड उतरवलं आणि तिथंच बसून राहिले. पाहुणे गेले, शामियाना उतरला. ऊन कलल्यावर मोटरबोट त्यांना आणायला गेली.

ऑफिसात सगळे म्हणाले, कप्तान चिडले, दोरानं ओढल्याचा अपमान झाला. कप्तान हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. आता शेठ भडकणार, असंच आम्हाला वाटलं. पण धाकटे शेठजी दुसऱ्या दिवशी हसतच आले. पेपरात फोटो छान आले होते. "दोराचं चुकलंच माझं," ते म्हणाले. "बोला, मुंबईहून निघायचं केव्हा?"

साहेबांनी अटी घालायला सुरुवात केली. शिडावरची अक्षरं फार मोठी आहेत. शेठजी म्हणाले, लहान करा. मग, नावेचं नाव मैनाच हवं. ठीक आहे, मैना ठेवा. मग, रेडिओवरून रोज कंपनीला खबर देणार नाही. नका देऊ. शेवटी साहेब म्हणाले, "शीड पांढरं पाह्यजे. कोरं."

मी तिथंच टेबलाशी पोस्टर घेऊन उभी होते. धाकट्या शेठजींनी मान हलवली. "ठीक आहे. पांढरं. तुम्ही परत आल्यावर आम्ही सांगू, हा आमचा माणूस. तेवढं चालेल?"

मी आनंदानं साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

काकूंनी नवं शीड शिवलं. निघायच्या दिवशी सकाळी वाडीच्या गोदामासमोर ट्रक उभा होता, वर नाव बांधलेली, तिच्या मागे माझ्या हातचं 'मैना'. मिस्त्री नवा सदरा घालून आला होता. ट्रान्सपोर्टवाले मित्र हार घेऊन. आम्ही वाट बघत राहिलो. ऊन चढलं. मग रिक्षातून काकू एकट्याच उतरल्या. ड्रायव्हरपाशी गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "उतरवा भाऊ. थे येत नाईत."

"काय झालं काकू? तब्येत?"

"नाही वं. घरीच हायेत. बसले हायेत."

सोमवारी साहेब नेहमीच्या वेळी ऑफिसात आले. जगाचा नकाशा भिंतीवरून उतरवला होता. कोणी, ते कळलं नाही. कोणी काही विचारलं नाही. फक्त त्यांना कप्तान म्हणणं बंद झालं, कोणी ठरवलं नव्हतं तरी. त्यांना ते जाणवलं असणारच. धाकट्या शेठजींनी एका शब्दानं टोकलं नाही. त्या हिवाळ्यात कंपनीनं कबड्डीचे सामने भरवले आणि त्याची पोस्टरं साहेबांनी नीट, वेळेवर काढून घेतली. नाव गोदामात काही वर्षं पडून होती. पुढे जागा लागली तेव्हा मिस्त्रीनं तिच्या फळ्या सोडवल्या आणि ट्रकच्या बॉड्यांना वापरल्या.

माझं लग्न ठरलं, मुंबईला जायचं होतं. निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. रंग न दिसण्याची गोष्ट साहेबांनी मला त्या दिवशी सांगितली, हसत हसत. मग एकदम म्हणाले, "अंबाझरीचं सांगू का तुले? लोक म्हनतात, मी रागावलो. मी भेलो होतो वं."

साहेब पुढं सांगत राहिले.

"वाऱ्यानं नाव उचलली ना, तवा दोन्ही काठ दिसून राहिले होते मले. लोकं दिसून राहिले होते. तरी वाटलं, आता आपन परत येत नाही. अंबाझरीत! वळाचं सुचलं नाही. पलीकडं लागलो अन् नाव पुन्हा पाण्यात घालाची हिंमत झाली नाही, म्हनून तिथंच बसलो. मंग शेठच्या अक्षराईचं निमित्त धरून बसलो. मले वाटलं थो नाही म्हनन. थो सगळ्याले हो म्हनत गेला."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, "मले माहीत होतं. निघाच्या दिवशी सकाळीच मी रातच्या जेवनाची भाजी चिरून ठेवली होती. दोघांची."

साहेबांनी वळून पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं. "मंग बोलली काहून नाही? जाऊ नका म्हनून?"

"म्या नाही म्हटलं असतं तर तुमी गेले असते."

मग साहेब म्हणाले, "गेलो असतो तं बरं झालं असतं." काकू आत गेल्या. त्यांचे डोळे भरले होते की नाही, मला दिसलं नाही. त्या घरातून निघताना मला फार वाईट वाटलं. दोघांसाठी वाटलं, आणि कोणासाठी जास्त ते ठरवता येईना.

नंतर ते दोघं एकदाच माझ्याकडे मुंबईला आले. ऐंशीचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. आपल्याच देशातल्या माणसांनी शिडाच्या नावेतून जगाला वळसा घातला आणि ती नाव मुंबईला परत आली, अशी बातमी होती. साहेबांनी पत्र न पाठवता थेट दारात येऊन बेल वाजवली. निवृत्त झाले होते, वाळले होते, हातात काठी. "फक्त पाहाचं हाय," म्हणाले.

आम्ही तिघं गेटवेला गेलो. गर्दी ओसरली होती. ती नाव लांब कुठेतरी नांगरलेली असावी. आम्हाला नुसत्या लाँची आणि काही लहान शिडं दिसली. साहेब कठड्याला धरून समुद्राकडे बघत उभे राहिले. पांढऱ्या गणवेशातला एक तरुण नौसैनिक शेजारी उभा होता. हा म्हातारा इतका वेळ काय बघतोय याचं त्याला कुतूहल वाटलं असावं. लांबच्या शिडांकडे बोट दाखवून त्यानं अदबीनं विचारलं, "अंकल, आपने भी कभी पालवाली बोट चलाई है?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणतील.

"हाँ," ते म्हणाले. "एक बार. अंबाझरी में."

"अंबाझरी?" त्यानं आठवून पाहिलं. त्याला ते कुठलं तरी बंदर वाटलं असणार. "ये किधर पड़ता है, अंकल?"

साहेब पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. काकूंनी पुढे होऊन त्यांच्या दंडाला हात लावला.

"बहुत दूर है, बेटा," साहेब म्हणाले. "मैं नहीं पहुँचा."